स्मृतिभ्रंशाचा आळ रुग्णावर नको

‘स्मृतिभ्रंशाची ४५ टक्के प्रकरणं टाळता येतात’ हे वाक्य हल्ली ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्याख्यानांत, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि सकाळी मोबाइलवर येऊन पडणाऱ्या संदेशांत हमखास भेटतं. त्याच्या मागोमाग ठरलेली यादी येते: रोज चाला, शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, रात्री हळदीचं दूध घ्या, नवी भाषा शिका, आनंदी राहा. समारोप बहुतेक वेळा ‘तुमचा मेंदू तुमच्याच हातात आहे’ असा असतो. यातला आकडा चांगल्या संशोधनातून आलेला आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल. मेंदू ज्याच्या त्याच्या हातात असेल, तर ज्याला स्मृतिभ्रंश झाला त्याने तो आपल्या हाताने घालवला असाच अर्थ होतो, आणि घराघरांत तो तसा घेतलाही जातो. ‘आईने स्वतःकडे कधी लक्षच दिलं नाही’, ‘निवृत्तीनंतर बाबांनी डोकं चालवायचं सोडलं’, ‘सुनेने त्यांना बोलतं ठेवलं नाही’ ही वाक्यं आधीच खचलेल्या घराला आणखी खचवतात. माझं म्हणणं असं, की ज्या पुराव्याच्या नावाने हा आळ घेतला जातो, तो पुरावा असं काही सांगतच नाही. तो नीट वाचला तर बोट रुग्णाकडे न जाता शाळेकडे, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, कारखान्याच्या शेडकडे आणि हवेकडे जातं.

हा आकडा ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मानसोपचारतज्ज्ञ गिल लिव्हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली या आयोगाचे तीन अहवाल आले. २०१७मध्ये ९ घटक आणि ३५ टक्के, २०२०मध्ये १२ घटक आणि ४० टक्के, २०२४मध्ये १४ घटक आणि ४५ टक्के. टक्केवारी काढण्याची रीत समजून घ्यायला हवी. एखादा घटक समाजात किती जणांमध्ये आढळतो आणि तो असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांपेक्षा किती पट जास्त दिसते, या दोन गोष्टींवरून हिशेब मांडला जातो, की हा घटक समाजातून समूळ नाहीसा झाला तर किती प्रकरणं उद्भवणार नाहीत किंवा लांबणीवर पडतील. घटक एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तोच हिशेब दोनदा लागू नये यासाठी आकडे कमी करून घेतात. यात दोन मोठी गृहीतकं आहेत. एक, तो घटक खरोखरच आजाराचं कारण आहे. दोन, तो शून्यावर आणता येतो. आणि हा हिशेब सगळा लोकसंख्येचा आहे. शंभर रुग्णांपैकी नेमके कोणते पंचेचाळीस, हे त्यातून कळत नाही, कळू शकत नाही. आयुष्यभर कष्टाची कामं केलेल्या, निर्व्यसनी बाईला स्मृतिभ्रंश झाला म्हणून आकडा खोटा ठरत नाही, आणि विड्या ओढणारा तिचा शेजारी नव्वदीतही तल्लख राहिला म्हणूनही नाही. एकेका माणसाबद्दल निकाल द्यायला हे साधनच नाही, तरी ते त्यासाठीच सर्रास वापरलं जातं.

आता ४५ची फोड बघू, कारण व्याख्यानांत ती सहसा येत नाही. शारीरिक हालचालीचा अभाव २, धूम्रपान २, लठ्ठपणा १, अतिमद्यपान १. ज्यांना आपण सरळ सवयी म्हणतो त्यांची बेरीज ६ होते. रक्तातलं वाईट म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल ७, नैराश्य ३, उच्च रक्तदाब २, मधुमेह २. हे १४ टक्के वेळेवर तपासणी होणं आणि औषधोपचार परवडणं यांच्याशी बांधलेले आहेत. डोक्याला झालेली इजा ३. यात रस्ते येतात, बांधकामावरची सुरक्षा येते आणि हेल्मेटही येतं. (पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध पुन्हा पुन्हा उभ्या राहिलेल्या आंदोलनांनी या गोष्टीचा विचार केला असता तर बरं झालं असतं.) उरले २२. बालपणी शिक्षण कमी मिळणं ५, ऐकू कमी येणं ७, उपचार न झालेलं दृष्टीचं अधूपण २, एकटेपण ५, हवेचं प्रदूषण ३. शब्दकोडं या यादीत नाही. अक्रोड नाही, हळद नाही. आहारसुद्धा स्वतंत्र घटक म्हणून नाही. ज्या अहवालाचा हवाला देऊन शब्दकोडी सोडवायला सांगतात, त्याच अहवालात एकट्या हवेचा वाटा व्यायामाच्या अभावापेक्षा जास्त आहे.

यावर येणारा आक्षेप वजनदार आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल हेही खाण्यापिण्यातून आणि बैठ्या राहणीतूनच येतात, मग ते १४ टक्के सवयींच्या खात्यातच का धरू नयेत? काही अंशी ते खरं आहे. पण एलडीएलच्या बाबतीत माणसामाणसांतला बराच फरक आनुवंशिक असतो, आहाराने ते थोडंसं उतरतं आणि ठळकपणे उतरतं ते स्टॅटिनच्या गोळीने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्के म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. दर तीन माणसांत एकाहून अधिकांना जे होतं, त्याला प्रत्येकाच्या आळशीपणाचं नाव कसं देणार? ज्या शहरात चालायला पदपथ नाही, जिथे रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि भाजी-फळं महाग होत जातात, पाकिटबंद खाण्यातलं मीठ किती हे ग्राहकाला कळू नये अशा बारीक अक्षरात छापलेलं असतं, तिथल्या माणसाच्या रक्तदाबाला त्याची निवड म्हणणं हा अर्धाच हिशेब झाला. आणि समजा, निवड होती. तरी तो रक्तदाब मोजला जातो का आणि गोळी दर महिन्याला मिळते का, यावरच पुढचं अवलंबून राहतं.

दुसरी अडचण काळाची आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारी ॲमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं लक्षणं दिसण्याच्या १५-२० वर्षं आधीपासून साचायला लागतात. म्हणजे सत्तरीत ज्याचं निदान होतं त्याचा आजार पन्नाशीतच सुरू झालेला असू शकतो. मग सत्तरीतले सवयींचे फरक कारण मानायचे की परिणाम? ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ अभ्यास इथे फार बोलका आहे. १०,३०८ जणांचा १९८५पासून पाठपुरावा झाला आणि त्यांच्या व्यायामाच्या नोंदी वेळोवेळी घेतल्या गेल्या. २०१७मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात मध्यमवयातल्या व्यायामाचा पुढच्या स्मृतिभ्रंशाशी संबंध दिसला नाही. दिसलं ते असं, की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे ९ वर्षं आधीपासून कमी होत गेली होती. फिरायला जाणं सुटलं म्हणून आजार आला असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात आजार आत शिरला होता म्हणून फिरणं सुटलं, ही शक्यता तितकीच खरी असते. वाचन सुटणं, भजनी मंडळात जाणं बंद होणं, हिशेबाची वही मुलाकडे देणं, या सगळ्याला हेच लागू पडतं. ज्या गोष्टी घरचे नंतर दोष म्हणून मोजतात, त्यांतल्या बऱ्याच मुळात पहिली लक्षणं असतात. इतर काही अभ्यासांत व्यायामाचा थोडा फायदा दिसला आहे, म्हणूनच आयोगाने त्याला २ टक्के दिले. ते मला मान्य आहेत. मला अमान्य आहे ते त्या दोनाला ४५चा आवाज देणं.

निरीक्षणातून आलेल्या संबंधांवर विसंबू नये म्हणून चाचण्या झाल्या, आणि त्यांचे निष्कर्ष प्रचाराच्या उत्साहाशी जुळत नाहीत. फिनलंडमधली ‘फिंगर’ ही सगळ्यांत गाजलेली चाचणी. ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं एकत्र दिलं गेलं. २०१५मध्ये निकाल आला: बौद्धिक चाचण्यांतले त्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त सुधारले. ही चांगली बातमी आहे. मात्र हे गुण आहेत. स्मृतिभ्रंश किती जणांना टळला हे त्या निकालात नाही. नेदरलँड्समध्ये ७० ते ७८ वयाच्या ३,५२६ जणांच्या चाचणीत एका गटासाठी सहा वर्षं परिचारिकांमार्फत असाच कार्यक्रम राबवला गेला, तेव्हा दोन्ही गटांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळपास सारखंच, ७ टक्क्यांच्या आसपास, निघालं. फ्रान्समधल्या चाचणीतही ठोस फरक सापडला नाही. २०२५मध्ये अमेरिकेतली २,१११ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला मार्गदर्शक, ठरलेल्या बैठका, सोबतीचा गट, नियमित तपासणी असं सगळं मिळालं. दुसऱ्या गटाला माहिती आणि प्रोत्साहन देऊन बाकी स्वतःवर सोडलं. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, पण ज्यांच्याभोवती यंत्रणा उभी केली होती त्यांच्यात थोडी जास्त. फरक लहान आहे, तरी तो कोणत्या बाजूला झुकतो हे पाहण्यासारखं आहे. माणसाला एकट्याच्या निश्चयावर सोडलेला पर्यायच कमी पडला.

आपल्या देशाचा पुरावा तर आणखी स्पष्ट बोलतो. साठीपुढच्या भारतीयांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३मध्ये आला: ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त. पुरुषांत ५.८ टक्के, स्त्रियांत ९. शहरांत ५.३ टक्के, गावांत ८.४. ‘आजकालची जीवनशैली’, ‘पिझ्झा-बर्गर’, ‘लिफ्ट आणि गाडी’ हे जर मुख्य कारण असतं तर हे आकडे उलटे असायला हवे होते. पाण्यासाठी मैलभर चाललेली, रानात खुरपणी केलेली, भाकरी-पिठल्यावर जगलेली बाई आपल्या सगळ्या उपदेशांप्रमाणेच जगली, आणि तिच्याच वाट्याला हा आजार जास्त आला. तिच्याकडे काय नव्हतं? आज पंचाहत्तरीत असलेली बाई १९५०च्या आसपास जन्मली. १९५१च्या जनगणनेत देशातली स्त्री-साक्षरता ८.८६ टक्के होती. तिला शाळा मिळाली नाही. तिने चाळीस-पन्नास वर्षं बंद स्वयंपाकघरात चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ फुलवला, आणि तो धूर तिच्याच छातीत गेला. तिचा रक्तदाब बाळंतपणानंतर पुन्हा कुणी मोजला असेल याची खात्री नाही. निरक्षर माणसं अशा चाचण्यांत कमी गुण मिळवतात, म्हणून आकडा फुगला असेल, ही शंका इथे रास्त आहे. पण या पाहणीत निरक्षरांसाठी बेतलेली प्रश्नावली वापरली होती आणि जवळच्या माणसाकडून रोजच्या व्यवहाराची माहिती घेऊन तज्ज्ञांनी निर्णय केला होता. शंकेला वाव ठेवूनही गावातल्या बाईकडे झुकलेलं पारडं उलटत नाही.

शिक्षणाचा परिणाम किती खोल असतो हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून दिसलं. १९७७पासूनच्या तीन दशकांत तिथे नव्याने होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दर दशकाला सरासरी २० टक्क्यांनी घटलं. २०१६मध्ये हा निष्कर्ष आला तेव्हा जगभर आनंद झाला, कारण हा आजार कमी होऊ शकतो याचा तो भक्कम पुरावा होता. पण ही घट फक्त किमान माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्यांतच दिसली. शाळा अर्धवट सुटलेल्यांत नाही. शाळेत घडलेल्या मेंदूला पुढे आजाराचा मार जास्त काळ पेलता येतो, आणि शिकलेल्या माणसाला बरी नोकरी, बरं घर, बरा दवाखानाही मिळतो. दोन्ही गोष्टी एकत्र काम करतात. ‘नवी भाषा शिका’ या सल्ल्यामागे हैदराबादचा २०१३चा अभ्यास असतो. ६४८ रुग्णांच्या त्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, निरक्षरांतसुद्धा. अभ्यास मोलाचाच आहे. मात्र ती माणसं तेलुगू आणि दखनी अशा भाषांत लहानपणापासून, बाजारात आणि शेजारात वाढलेली होती. सत्तराव्या वर्षी मोबाइलवर फ्रेंचचे धडे गिरवल्याने तेच होईल असं त्यातून निघत नाही.

हळदीचंही असंच झालं. हरियाणातल्या बल्लभगडच्या गावांत नव्वदच्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात अल्झायमरचं प्रमाण पेनसिल्व्हेनियातल्या तुलनेच्या भागापेक्षा कितीतरी कमी आढळलं. लगेच जगभर सांगितलं गेलं, की भारतीय रोज हळद खातात म्हणून. संशोधकांनी स्वतः आयुर्मान कमी असणं आणि आजार झाल्यावर माणूस फार न जगणं या शक्यता मांडल्या होत्या, त्या मागे पडल्या. हळदीतल्या करक्युमिनची रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा, ३६ जणांच्या २४ आठवड्यांच्या प्रयोगात, काही फायदा दिसला नाही. ते आतड्यातून रक्तात फारसं शोषलंच जात नाही. आणि आता ७.४ टक्क्यांचा अंदाज समोर आहे. हळद घालूनच स्वयंपाक करणाऱ्या देशात ८८ लाख रुग्ण आहेत, एवढंच या वादाला पुरे.

मग पुरावा भक्कम कुठे आहे? रक्तदाबात. अमेरिकेतल्या ९,३६१ जणांच्या चाचणीत वरचा रक्तदाब १४०ऐवजी १२०च्या खाली ठेवल्यावर स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य अवस्था १९ टक्क्यांनी कमी झाली, असं २०१९मध्ये दिसलं. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. ती कसर चीनच्या खेड्यांनी भरून काढली. ३२६ गावं, सुमारे ३४ हजार माणसं, चार वर्षं. अर्ध्या गावांत गावडॉक्टरांना प्रशिक्षण दिलं. हे पदवीधर डॉक्टर नसतात, थोडक्या शिक्षणावर गावाची प्राथमिक वैद्यकीय सेवा सांभाळतात. त्यांना गोळी कधी वाढवायची याची सोपी पायऱ्यांची पद्धत दिली, औषधं फुकट किंवा स्वस्तात दिली, रुग्णांच्या घरी रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं आणि वर तालुक्याच्या डॉक्टरांची देखरेख ठेवली. मीठ कमी करा, दारू कमी करा हेही त्यांनी सांगितलं, पण गोळीला पर्याय म्हणून नव्हे. २०२५मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी. कुठलीही वलयांकित गोष्ट यात नाही. दर महिन्याला गोळी संपण्याआधी पुढची पट्टी हातात पडली, एवढंच. आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम याच रीतीने बेतलेला आहे: ठरलेली औषधयोजना, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, ३० दिवसांच्या गोळ्या. त्याला स्मृतिभ्रंश रोखण्याचा कार्यक्रम म्हणून कुणी ओळखत नाही. पण आज राज्यात या आजाराविरुद्ध काही ठोस चाललं असेल तर ते उपकेंद्रात आशाताईंनी पाठपुरावा करून आणलेल्या माणसाच्या दंडावर पट्टा बांधला जातो तिथे चाललं आहे. आणि ‘साठा नाही, पुढच्या आठवड्यात या’ असं ज्याला सांगितलं जातं, त्या माणसाला ‘मेंदू तुमच्या हातात आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

गोव्यातला प्रयोग याच अंगाने जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, उदासीची सुरुवात झालेल्या साठीपुढच्या १८१ जणांना निवडून निम्म्यांकडे प्रशिक्षित सामान्य समुपदेशक नियमित जात राहिले. अडचणी सोडवायला शिकवणं, झोप सुधारणं, सरकारी मदतीपर्यंत पोचवणं असं त्यांचं काम. वर्षभरात नैराश्य या गटात ४.४ टक्के, दुसऱ्या गटात १४.४ टक्के. चाचणी नैराश्याची होती, स्मृतिभ्रंशाची नव्हे; पण नैराश्य त्या १४ घटकांतलं एक आहे, आणि ते ‘आनंदी राहा’ म्हणण्याने हटत नाही, कुणीतरी दार वाजवून आत येण्याने हटतं. वेल्समधला पुरावा तर सवयींच्या पार बाहेरचा आहे. तिथे नागिणीची लस देताना २ सप्टेंबर १९३३ ही जन्मतारखेची रेघ ठरवली होती. रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे लोक इतर सर्व बाबतींत सारखेच. फक्त एकांना लस घेता येत होती, दुसऱ्यांना नाही. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. यात कुणी जास्त चाललं नव्हतं की कमी खाल्लं नव्हतं.

एवढं सगळं मान्य करूनही काहीजण म्हणतील, की लोक चालत असतील, सिगारेट सोडत असतील तर चालू द्या, नुकसान काय? नुकसान तीन प्रकारचं आहे. आळ आला की लाज येते, आणि लाज आली की माणसं डॉक्टरकडे उशिरा जातात. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम यांनी विसरायला होणं बरं करता येतं. ‘डोकं वापरलं नाही म्हणून झालं’ हे उत्तर घरात तयार असेल तर ती तपासणीच राहून जाते. दुसरं, भीती आणि अपराधीपणा यांवर बाजार उभा राहतो. मेंदूच्या खेळांनी स्मृतिभ्रंश लांबतो असा दावा करणाऱ्या ‘ल्युमोसिटी’च्या कंपनीला २०१६मध्ये अमेरिकी सरकारी यंत्रणेशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले, पुरावा नव्हता म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ‘ब’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वं, मेदाम्लं किंवा मिश्र पूरकं घेऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं, तरी स्मरणशक्तीच्या गोळ्यांच्या जाहिराती थांबलेल्या नाहीत. तिसरं नुकसान सगळ्यांत मोठं: जबाबदारी एकदा व्यक्तीवर टाकली की सरकारकडे कुणी काही मागत नाही. हवेतल्या पीएम २.५ या सूक्ष्म कणांची जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम, आपली कायदेशीर मर्यादा ४०. याबद्दल एकही ज्येष्ठ नागरिक संघ ठराव करत नाही, आणि अक्रोडांची व्याख्यानं भरतात.

हा दैववाद आहे, असंही मला ऐकवलं जाईल. वास्तविक दैववाद तो, जो ‘वय झालं की म्हातारचळ लागायचाच’ म्हणून सोडून देतो. मी उलट म्हणतो आहे, की हा आजार समाजाच्या पातळीवर कमी करता येतो हे सिद्ध होत चाललं आहे. चालावं जरूर, ते हृदयासाठी, पक्षाघात टाळण्यासाठी, पडून मोडू नये म्हणून. धूम्रपान सोडावं, रक्तदाब तपासावा. पण जो हे सगळं करूनही आजारी पडेल त्याचं काही चुकलेलं नाही, हे त्याच तोंडाने, त्याच व्याख्यानात सांगितलं गेलं पाहिजे.

आणि मागणी करायचीच तर कानापासून करावी, कारण ७ टक्के तिथे आहेत. कानावर आवाज नीट पडला नाही की मेंदू शब्द जुळवण्यातच थकतो. माणूस चारचौघांत बसणं टाळू लागतो, आणि एकटेपणाचे ५ टक्के त्याला आपोआप जोडले जातात. श्रवणयंत्राने हे थांबतं का, यावर २०२३ला आलेल्या ९७७ जणांच्या चाचणीचं उत्तर सरसकट ‘हो’ नाही: एकूणात फरक दिसला नाही, पण आधीच जास्त जोखीम असलेल्या गटात तीन वर्षांतली बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. शिवाय आयोगाने हा घटक मध्यमवयातला मानला आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये दोन कामगारांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं, बारा-बारा तासांच्या पाळीत धोट्याचा खडखडाट थांबत नाही, आणि चाळिशीतच अनेकांना घरी टीव्ही मोठा करावा लागतो. मोठ्या आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने नोंद करण्याजोगा आजार आहे. लहान शेडमध्ये तो नोंदवायला येतो कोण? राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात, तेही ६५ वर्षांनंतर. तोवर त्या विणकराचे कान जाऊन पंचवीस वर्षं झालेली असतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तीन कर्करोग तपासायची सोय ठरलेली आहे. त्यात कान घालायला हवेत, आणि ज्या गावात माग आहेत तिथे ते आधी घालायला हवेत.